उन्हाला वाट, विजेलाही वाट

सौर घटात प्रकाश आत शिरला पाहिजे आणि तयार झालेली वीज बाहेर आली पाहिजे. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलवर वीज गोळा करायला चांदीच्या बारीक रेषा पुरतात. पातळ थरांच्या घटांत तेवढ्याने भागत नाही. तिथे सगळ्या काचेवर पारदर्शक आणि तरीही वीजवाहक असा लेप द्यावा लागतो. धातू वीज वाहून नेतो पण उजेड अडवतो, काचेचे नेमके उलट. हे दोन्ही गुण एकाच थरात १९०७ मध्ये कार्ल बेडेकर या जर्मन संशोधकाला कॅडमियम ऑक्साइडमध्ये आढळले.

आज या कामी फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइड बरेच वापरतात. त्यातला इलेक्ट्रॉन जागेवरून उठवायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या कणांकडे ३.१ पर्यंतच असते, म्हणून तो प्रकाश शोषला न जाता आरपार जातो. स्फटिकात ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिन बसला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि वीज वाहते. मात्र मोकळे इलेक्ट्रॉन फार वाढले की तेच अवरक्त प्रकाश अडवू लागतात. थर जाड केला तर रोध कमी होतो, पण उजेडही घटतो. या विषयातली खरी कसोटी हीच. हाके या संशोधकाने १९७६ मध्ये त्यासाठी एक मापक सुचवला: पारदर्शकतेचा दहावा घात भागिले थराचा पृष्ठरोध. पारदर्शकतेतली थोडीशी घटही त्यात फार महाग पडते.

हा थर देण्याची एक स्वस्त रीत म्हणजे स्प्रे पायरोलिसिस. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या पद्धतीवर दीर्घकाळ काम झाले आहे. कथिलाच्या (म्हणजे टिनच्या) क्लोराइडचे द्रावण अमोनियम फ्लोराइडसह ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापलेल्या काचेवर फवारतात. निर्वात यंत्रणेची गरज नसल्याने नंदुरबारसारख्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयालाही हा प्रयोग झेपावा. शेजारच्या साक्री तालुक्यात २०१३ पासून महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे; तो पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाताला असे काम मिळाले तर फार चांगले.

काच पुरेशी तापली नाही तर फवारलेल्या द्रावणाचे विघटन अर्धवट राहते आणि थर दुधाळ दिसतो. क्ष-किरणांच्या विवर्तनातून स्फटिकांची रचना आणि कणांचा आकार कळतो. कण बारीक असतील तर त्यांच्या सीमांवर इलेक्ट्रॉन अडखळतात. खडबडीत पृष्ठभाग मात्र कधी कधी मुद्दाम ठेवतात: प्रकाश विखुरतो, तिरका शिरतो आणि घटातल्या अस्फटिकी सिलिकॉनमध्ये त्याला लांबचा प्रवास घडतो. गुळगुळीत थरावर उमटणारे इंद्रधनुषी रंग वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतलेल्या किरणांच्या व्यतिकरणाने येतात. पारगमनाच्या आलेखातल्या त्याच चढउतारांवरून जाडी आणि अपवर्तनांक काढता येतो.

इंडियम-टिन ऑक्साइड फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडहून सरस वाहक आहे, पण इंडियम दुर्मीळ आणि महाग. ॲल्युमिनियमयुक्त झिंक ऑक्साइड स्वस्त, तरी ते ओलाव्याला आणि आम्लाला लवकर बळी पडते. टिन ऑक्साइड उष्णता आणि रसायने दोन्ही सोसते.