कॅन्सरची गाठ रक्तवाहिन्या कशी मागवते?

आमच्या रत्नागिरीत मशेरी लावणारी आजी नाहीतर तंबाखूचा बार भरणारे काका ओळखीत असतातच. त्यामुळे तोंडाचा कॅन्सर इथे कुणाला नवा नाही. पण ती गाठ वाढते कशी?

केशवाहिनीतला ऑक्सिजन आजूबाजूला साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच पोचतो. गाठ एक-दोन मिलिमीटरची झाली की आतल्या पेशी गुदमरतात. इथे एचआयएफ नावाचं प्रोटीन कामाला येतं. गंमत म्हणजे पेशी ते सतत बनवते आणि ऑक्सिजन असेपर्यंत लगेच मोडूनही टाकते. फुकटची मेहनत वाटते ना? पण त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की नव्याने तयारी करावी लागत नाही. मोडणं थांबतं, साठा आपोआप वाढतो. (मला तरी हे डिझाइन भारी वाटतं. या संशोधनाला २०१९ चं नोबेल मिळालं.) साठलेलं एचआयएफ व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. व्हीईजीएफ बाहेर पडून शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि तिला गाठीच्या दिशेने फांदी फुटते. जखम भरतानाही हाच निरोप जातो, पण तिथे काम झालं की तो थांबतो. गाठीत थांबतच नाही, म्हणून तिथल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या.

हा निरोप अडवायची कल्पना ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. व्हीईजीएफलाच पकडणाऱ्या बेवासिझुमॅबला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. औषध महाग, शिवाय शिरेतून द्यावं लागतं.

परळच्या टाटा मेमोरियलने दोन जुन्या, स्वस्त गोळ्या घेतल्या: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज दोनदा सेलेकॉक्सिब. सेलेकॉक्सिब म्हणजे सांधेदुखीवरची गोळी. ती कॉक्स-२ हे एन्झाइम अडवते, प्रोस्टाग्लँडिन कमी होतं आणि व्हीईजीएफला मिळणारी फूसही. थोडं थोडं पण सतत दिलेलं मेथोट्रेक्सेट नव्या वाहिन्यांच्या पेशींनाही वाढू देत नाही, असं मानतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोकं-मानेच्या कॅन्सरचे ४२२ रुग्ण होते. आजार परत आलेला, पसरलेला किंवा ऑपरेशनपलीकडे गेलेला. शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान ६.१ महिने, गोळ्यावाल्यांचं ७.५. गंभीर दुष्परिणामही कमी.

फरक दीड महिन्याचाही नाही, खरंय. पण सिस्प्लॅटिनसाठी दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटल गाठावं लागतं. रत्नागिरीहून मुंबई म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या वर, तेही अशा तब्येतीत. गोळ्या घरी घेता येतात.

मात्र डॉक्टरांशिवाय हा प्रयोग करू नका. आठवड्याचं मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं.