ताडपत्रीखालचा संसार

'खुराडे' हा शब्द आम्हां मुंबईकरांच्या तोंडी नेहमी असतो. पण तो आपल्या बिऱ्हाडाविषयी! खरे खुराडे कसे असते, ते कुठून गळते आणि वारा सुटला म्हणजे त्याचे काय होते, याचा विचार करण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. माझ्यावर ती आली. वर्गात व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने कोंबड्यांच्या घरावर लिहावे, याचे कुणाला हसू येईल. पण त्या घराविषयी मी एकदा मोठ्या अधिकारवाणीने सल्ला दिला होता आणि तो साफ चुकला होता. त्याचीच ही कबुली.

श्रीवर्धनजवळ आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. थोरला भाऊ गेल्यावर वहिनी तिथे एकट्याच राहू लागल्या. "मुंबईला चला," म्हणून मी दर सुट्टीत त्यांच्या मागे लागे आणि त्या दर वेळी विचारीत, "आणि कोंबड्या?" बावीस कोंबड्या आणि एक कोंबडा! अंड्यांच्या पैशांत त्यांचे मीठ-मिरची आणि औषधपाणी भागे. पैशांपेक्षाही, कुणापुढे हात पसरावा लागत नाही, याचे त्यांना मोल होते.

जुने लाकडी खुराडे वाळवीने खाल्ले, तेव्हा २०१८ साली त्यांनी गावातल्या प्लंबरकडून नवे करून घेतले. जमिनीत दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या ठोकायच्या, त्यांवर प्लास्टिकचे पाइप कमानीसारखे वाकवून बसवायचे, वर जाळी आणि जाळीवर ताडपत्री. लांबी बारा फूट, रुंदी आठ फूट. लांबून पाहिले तर भातलावणीच्या वेळी बायका पाठीवर घेत ते इरलेच कुणी जमिनीवर ठेवले आहे, असे वाटे. 'ताडपत्री' या शब्दाचीही गंमत पाहा. ताडाच्या पानाचे नाव मिरवणाऱ्या या वस्तूत आता ताडाचे काहीच उरलेले नाही, सारे प्लास्टिक!

पहिल्याच पावसाळ्यात या कमानीचे गुणदोष कळले. आमच्या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. या हिशेबाने शंभर मिलिमीटर पाऊस झाला की, त्या एवढ्याशा खुराड्यावर जवळजवळ नऊशे लिटर पाणी ओतले जाते. कमान उंच असेल तर ते घसरून जाते. माथा चपटा असेल तर ताडपत्रीला झोळ पडतो, झोळात पाणी साचते, त्याच्या वजनाने झोळ वाढतो आणि वाढलेल्या झोळात आणखी पाणी! वहिनींनी माथ्याखाली एक लांब बांबू बांधला आणि झोळ गेला. वाऱ्याने फडफडून ताडपत्रीच्या कड्या फाटू लागल्या, तेव्हा सुतळी सोडून त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरल्या. झोत आला की पट्टी ताणते, ओसरला की आखडते. कडीला हिसका बसत नाही.

पण खरा शत्रू पाऊस नव्हे, ओल. पाणी आत येऊ नये म्हणून त्या वर्षी ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडली होती. आतले भाताचे तूस दमट झाले, अमोनियाचा वास डोळ्यांत जाऊ लागला आणि रक्ती हगवणीने पाच पिल्ले गेली. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा पंखा. तिला कोंडून चालत नाही. तेव्हापासून दोन्ही टोकांना वरच्या बाजूला नुसती जाळी ठेवली, बाजूंची ताडपत्री वीतभर उचलली आणि भोवती चर खणला.

मग आले २०२० चे 'निसर्ग' वादळ. २ जूनच्या रात्री मी फोनवरून सांगितले, "वहिनी, ताडपत्री आणखी घट्ट बांधून घ्या. दोरांचे दोन वेढे जास्त द्या." त्या "बरं, भावोजी," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ किनाऱ्यावर आले आणि फोन मुका झाला. वीज नाही, मोबाइलचे मनोरे बंद, त्यात टाळेबंदी. चार दिवस मला अन्न गोड लागले नाही.

गणपतीच्या आधी कसाबसा गावी पोहोचलो. घराची अर्धी कौले गेली होती. पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या होत्या. शेजाऱ्यांच्या खुराड्याचा पत्रा दोन वाड्या ओलांडून गेला होता. आणि वहिनींचे खुराडे? कमानी जागच्या जागी उभ्या!

"घट्ट बांधलं ना?" मी विजयी मुद्रेने विचारले.

"नाही हो, सोडून टाकली ताडपत्री. शीड फाटायला लागलं की खलाशी ते उतरवतो, आणखी ताणत नाही. कोंबड्या डालग्यांखाली माजघरात घेतल्या. जाळीतून वारा जाईल तिकडे गेला."

मी गप्प बसलो. वाऱ्याचा वेग तिप्पट झाला तर त्याचा दाब नऊपट होतो, हे गणित मला पुस्तकातून ठाऊक होते. घट्ट बांधलेल्या ताडपत्रीने तो सारा दाब कमानींवर घेतला असता आणि सळ्यांसकट सारे उपटून नेले असते. पावसात जे छप्पर राखते, तेच वादळात घर बुडवते.

नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. कोंबडीचे पिल्लू साधारण सहा महिन्यांत अंड्यावर येते. वाडी आडवी झाली, त्या वर्षी वहिनींचा संसार त्या बावीस कोंबड्यांनी तोलून धरला. माझे ऐकले असते तर त्यांना मुंबईला यावेच लागले असते. सल्ला देताना माझ्या मनात कुठे तीच इच्छा नव्हती ना, असे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे.

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आले, तेव्हा मी सल्ला दिला नाही, नुसते विचारले. "सकाळीच काढून ठेवली," त्या म्हणाल्या.

आता मी "मुंबईला चला" म्हणत नाही. उन्हाने ताडपत्री दोन वर्षांत ठिसूळ होते. परवाच फोन आला, "भावोजी, दिवाळीला याल ना? येताना ताडपत्री आणा. जाड बघून आणा हं."

फराळाच्या डब्यांआधी मी तीच बांधून ठेवली आहे.