स्प्रिंग झेलते, तेल जिरवते

वर्गातल्या बाकावरून खाली उडी मारताना आपण पाय जमिनीला लागताच गुडघे वाकवतो. हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते. एखाद्याने गुडघे ताठ ठेवून उडी घेतलीच, तर टाचेपासून डोक्यापर्यंत असा दणका बसतो की तो पुन्हा तसे करत नाही. दोन्ही वेळा उंची तीच, वजन तेच, जमिनीला टेकतानाचा वेगही तोच. मग फरक कशात पडला? थांबायला मिळालेल्या अंतरात.

हीच गोष्ट एका यंत्राच्या बाबतीत पाहू. अमेरिकेत मोटोक्रॉसच्या मातीच्या मार्गांवर आणि वाळूच्या टेकड्यांवर ‘एटीव्ही’ नावाची चारचाकी गाडी पळवतात. ‘ऑल टेरेन व्हेईकल’ हे तिचे पूर्ण नाव. चार फुगीर टायर, मोटारसायकलसारखे हँडल आणि वर मांड ठोकून बसलेला चालक. शर्यतीसाठी बनवलेली गाडी साधारण १८० किलोची असते. मातीच्या उंचवट्यावरून ती चालकासकट हवेत उडते आणि काही मीटर पुढे जाऊन उतरते. तिची चाके आणि सांगाडा यांच्यामध्ये जी स्प्रिंगांची व शॉकॲब्सॉर्बरची रचना असते, तिला सस्पेन्शन म्हणतात. उतरताना चालकाचा कणा शाबूत राहतो की नाही, हे पुष्कळसे तिच्यावर अवलंबून असते.

या गाड्यांच्या सुरुवातीच्या रूपात सस्पेन्शन नव्हतेच. होंडा कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेत आणलेल्या तीनचाकीत कमी दाबाचे फुगीर टायर हीच काय ती गादी होती. पण हवा भरलेला टायर हा एक प्रकारचा चेंडूच. तो धक्का झेलतो आणि बराचसा परत करतो. म्हणजे गाडी उसळते. पुढे-मागे सस्पेन्शन असलेली शर्यतीची तीनचाकी १९८१ मध्ये आली. तीनचाकी गाड्या उलटून होणारे अपघात वाढल्यावर अमेरिकन सरकार न्यायालयात गेले आणि १९८८ मधल्या तडजोडीनुसार प्रमुख उत्पादकांनी नव्या तीनचाकी विकणे थांबवले. तोवर चारचाकी बाजारात आली होती. पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र दांडे आणि मागच्या अखंड आसासाठी एक झुलता दांडा, ही रचना तिच्यात रूढ झाली. आजच्या शर्यतीच्या गाडीत चाक सांगाड्याच्या तुलनेत सुमारे २५ सेंमी. वरखाली होऊ शकते.

हे २५ सेंमी. पुरेसे आहेत का? चला, आकडे मांडू.

गाडी व चालक मिळून २५० किलो धरू. त्यांचे वजन सुमारे २,४५० न्यूटन. समजा, गाडी २ मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर पडली. चाके टेकल्यावर सांगाडा आणखी २५ सेंमी. खाली येऊन थांबला, म्हणजे एकूण घसरण २.२५ मीटर. थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा २,४५० × २.२५, म्हणजे सुमारे ५,५०० ज्यूल.

आता स्प्रिंगकडे पाहू. चालक बसला की गाडी थोडी खाली बसते. ही बैठक साधारणपणे एकूण हालचालीच्या एक तृतीयांश ठेवतात. आपण ८ सेंमी. धरू. म्हणजे २,४५० न्यूटनला ८ सेंमी. दबणारी स्प्रिंग. तिचा स्थिरांक येतो मीटरला सुमारे ३०,६०० न्यूटन. ती पूर्ण २५ सेंमी. दाबली तर तिच्यात साठणारी ऊर्जा ½kx² या सूत्राने सुमारे ९६० ज्यूल. हवे होते ५,५०० आणि मिळाले ९६०! एक पंचमांशसुद्धा नाही. उरलेल्या ऊर्जेला वाट मिळाली नाही तर सस्पेन्शन तळाला आपटते, आणि बाकावरची ती ताठ गुडघ्यांची उडी चालकाच्या वाट्याला येते.

मग स्प्रिंग कडक करावी, असे कुणीही विद्यार्थी म्हणेल. करून पाहू. सगळी ऊर्जा स्प्रिंगनेच घ्यायची तर ती जवळजवळ सहापट कडक हवी. तशी स्प्रिंग शेवटच्या क्षणी वजनाच्या १८ पट बलाने गाडी वर ढकलेल. शिवाय स्प्रिंग ऊर्जा खात नाही, ठेव म्हणून ठेवते आणि लगेच परत करते. गाडी पुन्हा २ मीटर वर उडेल! आणि साध्या खड्ड्यांवर ती इतकी ताठ राहील की चाके जमिनीला धरून राहणारच नाहीत.

खरे काम करतो तो स्प्रिंगच्या पोटात बसवलेला डँपर. तेलाने भरलेली नळी, तिच्यात एक दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रे. चाक वर ढकलले गेले की दट्ट्या सरकतो आणि तेल छिद्रांतून जबरदस्तीने पलीकडे जाते. या घर्षणात गतिज ऊर्जेची उष्णता होते. ती परत येत नाही.

याचा प्रयोग वर्गात सहज करता येतो. सुई नसलेली, न वापरलेली १० मि.ली.ची पिचकारी पाण्याने भरा आणि दट्ट्या सावकाश दाबा. फारसा विरोध जाणवत नाही. आता जोराने दाबून पाहा. हाताला लगेच अडथळा कळतो. अशा छिद्रातून दुप्पट वेगाने द्रव ढकलायचा तर सुमारे चौपट बल लागते. स्प्रिंगचे बल ती किती दबली यावर ठरते, डँपरचे बल तो किती वेगाने दबतो यावर. विद्यार्थ्यांच्या मनात हा भेद पक्का झाला की अर्धा विषय समजला.

पिचकारीने एक अडचणही दाखवली. उडीनंतर दट्ट्या फार वेगाने सरकतो, तेव्हा चौपटीच्या हिशेबाने बल भलतेच वाढेल आणि धक्का थेट चालकाला बसेल. म्हणून छिद्रांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत बसवतात. दाब वाढला की त्या वाकतात आणि तेलाला जादा वाट देतात. चांगल्या डँपरला कमी वेगाच्या आणि जास्त वेगाच्या दबण्यासाठी वेगवेगळे स्क्रू असतात. इथे एक गैरसमज हमखास होतो. हा वेग गाडीचा नव्हे, दट्ट्याचा. ताशी १० किलोमीटरने जाणारी गाडी दगडावर आपटली तरी दट्ट्याचा वेग मोठा असतो.

दुसरा गैरसमज स्प्रिंगवरच्या कड्याचा. ते फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवता येते. पुष्कळांना वाटते की त्यामुळे स्प्रिंग कडक झाली. प्रयोगशाळेतला स्प्रिंगकाटा आठवा. त्याला आधी २०० ग्रॅम टांगले असले किंवा नसले, तरी पुढचे १०० ग्रॅम त्याला तेवढेच ताणतात. कड्याने बदलते ती गाडीची बैठक. स्थिरांक तोच राहतो.

आता परतीचा प्रवास. दबलेल्या स्प्रिंगमधले ९६० ज्यूल सुटे सोडले तर मागची बाजू उसळते, नाक खाली जाते आणि चालक हँडलवरून पुढे फेकला जाण्याचा धोका असतो. म्हणून परतीच्या वेळीही तेलाचा अडथळा लागतो. पण तो फार झाला तर ओळीने येणाऱ्या खड्ड्यांत चाक खाली येण्याआधीच पुढचा धक्का बसतो. प्रत्येक धक्क्याला सस्पेन्शन थोडे अधिक दबलेलेच राहते आणि शेवटी २५ सेंमी.पैकी हाती काहीच उरत नाही.

जिरवलेल्या ऊर्जेचाही हिशेब लागतो. साडेचार हजार ज्यूल अर्धा किलो तेलात गेले तर ते सुमारे साडेचार अंशांनी तापते. एका उडीने काही बिघडत नाही, पण शर्यतीत उड्या ओळीने येतात. तापलेले तेल पातळ होते आणि अडथळा कमी पडू लागतो. तेलाला फेस येऊ नये म्हणून डँपरच्या जोडकुपीत दाबाखालचा नायट्रोजन भरलेला असतो.

इतके करूनही सपाट जमिनीवरची २ मीटरची पडझड जबरच राहते. डँपरने बल पूर्ण २५ सेंमी.वर अगदी सारखे वाटून दिले, तरी ते सरासरी वजनाच्या ९ पट येते. चालक पायदानावर उभा राहून गुडघे वाकवतो, तेव्हा त्याच्या शरीराला थांबायला आणखी अंतर मिळते. पण सर्वांत मोठी मदत जमीन करते. गाडीचा आडवा वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर धरू. २ मीटर पडल्यावर उभा वेग सुमारे ६.३ मीटर. गाडी क्षितिजाखाली सुमारे २२.७ अंशांच्या दिशेने येते. उतरण्याची जागा १५ अंशांचा उतार असेल तर जमिनीला लंब असा वेग फक्त २.२ मीटर उरतो. एवढा वेग २४ सेंमी.वरून पडल्यावर येतो. जिरवायची ऊर्जा ५,५०० वरून सुमारे १,२०० ज्यूलवर येते आणि त्यातला बहुतेक भाग स्प्रिंगच पेलते. अकरावीच्या वर्गात सदिशांचे घटक शिकवताना याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण!

म्हणून मोटोक्रॉसच्या मार्गावर उडीच्या पुढे उताराचा ढीग रचलेला असतो. वेगाचा अंदाज चुकून गाडी तो उतार ओलांडून पलीकडे सपाटीवर पडली, तर त्याच उडीचा दणका कितीतरी पट होतो. सस्पेन्शनची खरी कसोटी अशा चुकलेल्या उडीत लागते, आणि तिथेही तिला मर्यादा आहे हे आपल्या आकड्यांनी दाखवलेच आहे.

जाणकार चालक गाडी जुळवताना ठरावीक क्रम पाळतात. आधी बैठक मोजायची, मग परतीचा अडथळा, मग दबण्याचा. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, तोही थोडाच, आणि किती फिरवला ते वहीत लिहायचे. दोन स्क्रू एकदम फिरवले तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. एका वेळी एकच घटक बदलावा, हे आपण प्रयोगवहीत नेहमी लिहून घेतो. उडी मारणाऱ्याच्या बाबतीत त्या वाक्यावर त्याचा कणा अवलंबून असतो.