ब्रशच्या केसात इंद्राचं वज्र!

दात घासायच्या ब्रशचा एकेक ताठ केस म्हणजे 'ब्रिसल'. या इंग्रजी शब्दाचा खरा मानकरी डुक्कर, कारण त्याच्या पाठीवरचे राठ केस हेच अस्सल ब्रिसल. जुन्या इंग्रजीत नुसतंच 'बर्स्ट' होतं, लहानपण दाखवणारा शेवटचा 'ल' मागाहून चिकटला.

आता याचं संस्कृत भावंड बघा: 'भृष्टि', म्हणजे टोक, अणी. ऋग्वेदात इंद्राचं वज्र 'सहस्रभृष्टि' आहे, हजार टोकांचं! भाषाशास्त्रज्ञ हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे मानतात. बाथरूममधल्या ब्रशला याहून थोर नातेवाईक कुठून मिळणार?

पंधराव्या शतकात चीनमध्ये डुकराचे केस दांडीत बसवून दातांचे ब्रश करत. नायलॉनचे केस आले थेट १९३८ मध्ये, अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीचे. युरोपातले चांभार तर रानडुकराचा केस सुईसारखा वापरत. मेण लावलेल्या दोऱ्याच्या टोकाला तो जोडायचा, की आरीनं पाडलेल्या वाकड्या भोकातूनही लवत पार!

डार्ट्सच्या फळीला 'ब्रिसल बोर्ड' म्हणतात, पण तिच्यात केस नसतातच. असतो घायपाताच्या जातीचा सिसल वाख. ब्रिसलकोन पाइनच्या शंकूंवर मात्र खरोखरच काटेरी टोकं असतात. कॅलिफोर्नियातलं यातलं एक झाड, मेथुसेला, ४,८०० वर्षांहून जुनं आहे. आणि ब्रिस्टल शहराचा केसांशी काडीचा संबंध नाही. त्या नावाचा अर्थ पुलाजवळची जागा.

इंग्रज चिडला की तो 'ब्रिसल' होतो, म्हणजे डिवचलेल्या जनावरासारखा अंगावरचे केस फुलवतो. पण माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट पुढेच आहे. 'हॉरर' ज्या लॅटिन क्रियापदातून आला, त्याचा मूळ अर्थ केस ताठ उभे राहणं. त्याचं संस्कृत भावंड म्हणजे 'हृष्', ज्यातून आपला 'हर्ष' आला. एकाच मुळातून तिकडे भीती निघाली, इकडे आनंद! अर्थात शरीराला दोन्ही सारखेच, काटा दोन्हींनी येतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला रोमहर्ष होतो तो आनंदानं नव्हे, स्वजनांशी लढायच्या कल्पनेनं. शेवटच्या चेंडूपर्यंत गेलेल्या सामन्याला आपण 'रोमहर्षक' म्हणतो, तेव्हा त्यात धाकधूक आणि आनंद दोन्ही असतात. शब्द अगदी अचूक आहे, बिनधास्त वापरा.