‘मॅनूव्हर’ आणि ‘कावा’ : अर्थप्रवासाविषयी एक टिपण

तिरुप्पनंदाळ हे कुंभकोणमच्या ईशान्येस, कावेरी व कोळ्ळिडम या नद्यांमधील भातशेतीच्या पट्ट्यात वसलेले गाव. हा मुलूख एकेकाळी तंजावरच्या भोसले राज्यात मोडत असे. शेतातील हातकाम आणि सैन्याची कुशल हालचाल यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न येथे सहज उद्भवेल. ‘मॅनूव्हर’ या इंग्रजी शब्दाच्या इतिहासात मात्र त्यांचे नाते सापडते.

हा शब्द अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘हाताने काम करणे’ एवढाच. जुन्या फ्रेंचमध्ये तो अंगमेहनतीस लावीत. याच मुळापासून ‘मॅन्युअर’ हा शब्द इंग्रजीत आधीच रूढ झाला होता. आज त्याचा अर्थ खत. पूर्वी ‘जमीन कसणे’ असा होता. एक शाखा शेतात राहिली, दुसरी रणांगणावर गेली. तेथे तिला सैन्याच्या वा जहाजांच्या योजनाबद्ध हालचालीचा अर्थ लाभला. राजकारणात शिरताच कपटाची छटाही चिकटली.

मराठीतील ‘कावा’ या शब्दाचा प्रवास असाच आहे. घोड्यास वर्तुळाकार फिरविणे म्हणजे कावा. पुढे त्यावरून हुलकावणी, आणि अखेर कपट. ‘गनीम’ म्हणजे शत्रू. मोगल लेखक मराठ्यांना हेच नाव देत. ‘गनिमी कावा’ या शब्दप्रयोगात अशा रीतीने शत्रूची दृष्टी आणि कपटाची छटा एकत्र आली आहे.

हा केवळ व्युत्पत्तीचा प्रश्न नाही. १६७७ मध्ये कोळ्ळिडमकाठी तिरुमळवाडी येथे शिवाजी महाराज व व्यंकोजी यांची भेट झाली. बोलणी फिसकटल्यावर व्यंकोजी रात्री नदी उतरून तंजावरास परतले. या हालचालीस पलायन म्हणावे, की कावा? घटना एकच, नाव देणाऱ्याची भूमिका मात्र त्या नावातून प्रकट होते.

म्हणून ‘मॅनूव्हर’साठी संदर्भ न पाहता ‘कावा’ किंवा ‘डावपेच’ योजणे उचित नव्हे. जेथे केवळ हालचालीतील कौशल्य अभिप्रेत आहे, तेथे ‘कुशल हालचाल’ हा साधा पर्यायच अधिक प्रामाणिक ठरतो. ‘कावा’ वाचतानाही त्यामागील घोडा आणि स्वाराचा सराव नजरेआड होऊ देऊ नये. अन्यथा परिश्रमाने कमावलेली युद्धविद्या निव्वळ लबाडी म्हणून इतिहासात नोंदली जाते.