जंतुरोधक चादर घ्यावी का?

घरात अंथरुणाला खिळलेले वडीलधारे माणूस असले, की ‘अँटिबॅक्टेरियल’ असे छापलेली महागडी चादर घ्यावी काय, असा प्रश्न हल्ली मला वारंवार विचारला जातो. आपला हिंगोली जिल्हा पऱ्हाटी पिकवणारा. सुती कापडाचे गुण आपल्याला निराळे सांगायला नकोत. सूत घाम शोषून घेते, अंगाला वारा लागू देते. मात्र सुतात मुरलेला हाच घाम आणि ओलावा जंतूंना पोसतो. न बदललेल्या चादरीचा कुबट वास ही त्यांचीच करणी.

यावर आपल्याच राज्यात, मुंबईला माटुंग्यात, संशोधन झालेले आहे. तेथील केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी अनुसंधान संस्था 1924 पासून कापसाचाच अभ्यास करीत आली आहे. 2006 साली तेथील संशोधकांनी झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण स्टार्चच्या, म्हणजे आपल्या खळीच्याच जातीच्या पदार्थाच्या, साहाय्याने तयार केले आणि सुती कापडावर बसवले. त्या कापडाने जंतूंना आळा घातला, शिवाय उन्हातील अतिनील किरणेही अडवली. हे झिंक ऑक्साइड परके नाही. घामोळ्यांवर लावायच्या कॅलॅमाइन लोशनमध्ये तेच असते.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या केसाची जाडी साधारण 80,000 नॅनोमीटर भरते, तर हे कण 100 नॅनोमीटरहूनही लहान. कण जितका बारीक तितका त्याचा एकूण पृष्ठभाग अधिक, म्हणून थोडक्या धातूत काम भागते. चांदीची गंमत तर आणखी वेगळी. इतकी बारीक झाली की ती चांदीसारखी चमकत नाही. कापडाला पिवळी ते तपकिरी छटा देते. रंग आणि जंतुरोध, दोन्ही एकाच कणातून! (वसमतच्या हळदीनेही सूत पिवळे होते; पण तो रंग उन्हात उडतो, हे प्रत्येक लग्नघराला ठाऊक आहे.)

आता खरी मेख धुण्यात आहे. 2008 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांदी वापरलेले मोजे पाण्यात धुऊन पाहिले. त्यांतील काहींची जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच निघून गेली; काहींची मात्र टिकली. तेव्हा वेष्टनावरील ‘99 टक्के’ पाहण्याआधी, गुण किती धुण्यांपर्यंत टिकतो ते लिहिले आहे का, हे पाहा. लिहिले नसेल तर जादा पैसे मोजू नका.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. चांगली चादर आणली म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि रुग्ण तासन्‌तास एकाच कुशीवर पडून राहतो, असे मी पाहिले आहे. शय्याव्रण मुळात जंतूंमुळे होत नाही. ते दाबामुळे होते. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो. जंतू मागाहून शिरतात. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज उजेडात पाहा. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तेव्हा हात लावून ती जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का, हे तपासा. तशी लागल्यास तेथे मालीश मुळीच करू नका, तिच्यावरचा भार काढा आणि डॉक्टरांना दाखवा. लघवीने ओली झालेली चादर, कोणत्याही कापडाची असो, लगेच बदला.

मधुमेह्यांनी जंतुरोधक मोजे जरूर वापरावेत, परंतु रात्री ते काढून तळवे व बोटांच्या बेचक्या पाहिल्याशिवाय झोपू नये. पायाला संवेदना नसेल तर जखम दुखत नाही, फक्त दिसते.

पैसा बेताचाच असेल, तर एका महाग चादरीऐवजी साध्या सुती चार चादरी घ्या, उन्हात कडकडीत वाळवा, आणि उरलेल्या पैशांत हवेची गादी मिळते का पाहा. मात्र तिच्यावरही कूस बदलावीच लागते.