आधी हिशेब वाचा, मग पावती फाडा
गावच्या शाळेसाठी, संघासाठी, मंडळासाठी निधी कसा उभारावा?

शिमगा सरला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांचे नमन मुंबईला जाते. परळ-लालबागची वस्ती पांगली, चाकरमानी विरार-नालासोपारा, भांडुप, दिव्याकडे गेले, पण नमन काही सुटले नाही. विलेपार्ले पूर्वेच्या मास्टर दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात अशाच एका मुंबई मंडळाचा प्रयोग पाहण्याचा योग मला आला. मृदंगावर थाप पडली, गण झाला, गवळण झाली, संकासुर आला आणि पोरेबाळे खुर्चीवर उभी राहिली. हा सगळा खटाटोप गावच्या शाळेच्या छपरासाठी होता.

मध्यंतरात खजिनदारांबरोबर चहा घेतला. मी म्हटले, "हाउसफुल्ल दिसतंय, छप्पर झालंच म्हणायचं." ते हसले. म्हणाले, "साहेब, तिकिटावर छप्पर होत नाय. तिकिटावर फक्त खर्च निघतो. छप्पर होतं ते स्मरणिकेवर आणि माणसांच्या विश्वासावर."

हे बोलणे प्रत्येक सरपंचाने आणि मंडळाच्या अध्यक्षाने लक्षात ठेवावे असे आहे. समजा, २०० रुपयांच्या ५०० प्रवेशिका खपल्या, तर जमा १ लाख. त्यातून नाट्यगृहाचे भाडे, ध्वनी-प्रकाश, वेशभूषा, कलाकारांची गाडी, जेवण हा खर्च ७०-८० हजारांवर गेला, तर हाती काय उरले? तेव्हा कार्यक्रम ठरवण्याआधी कागदावर खर्च मांडावा. स्मरणिकेतल्या जाहिराती आधी मिळवाव्यात, छपाई मागाहून. जाहिरातीतून भाडे आणि गाडी निघत असेल तरच नाट्यगृहाची तारीख घ्यावी. नाहीतर दोन महिने राबून मंडळाच्या पदरी फक्त हौस पडते.

ज्या पार्ल्यात हा खेळ झाला ते गावही लोकांच्या देणगीतून घडलेले आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. पार्लेकरांनी त्यांच्या नावाने १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय काढले, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ काढला. दोन्ही संस्थांनी शंभरी ओलांडली. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी.

टिळकांनी ज्या 'पैसा फंडा'ला पाठबळ दिले त्याची कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. प्रत्येकाने फक्त एक पैसा द्यायचा. त्या पैशा-पैशातून तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. आपल्या जिल्ह्यात संगमेश्वरला 'पैसा फंड' हे नाव आजही शाळेच्या पाटीवर आहे. थोडे थोडे, पण सर्वांनी, हा त्याचा अर्थ.

हाच धडा कर्मवीर भाऊराव पाटलांनी धान्यात गिरवला. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. वसतिगृहातली पोरे जेवणार कशावर? तर मुष्टिफंडावर. घरच्या बाईने दळणाकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे. रोख पैसा ज्याच्याकडे नाही त्यालाही दाता होता आले, हे या मुठीचे मोठेपण. जो मूठभर देतो तो शाळेकडे लक्षही ठेवतो. एकाच धनिकाने सगळा खर्च उचलला, तर गाव पाहुण्यासारखे बाजूला उभे राहते.

आता आपल्या गावात काय करता येईल ते पाहू.

पहिली गोष्ट, भात झोडणीच्या वेळची. समजा गावात १०० घरे आहेत. घरटी ५ किलो भात दिले तर ५ क्विंटल झाले. २०२४-२५ च्या हंगामातल्या २३०० रुपये हमीभावाने त्याचे साडेअकरा हजार होतात. शाळेच्या दोन नळांचे आणि पाण्याच्या टाकीचे काम त्यात बसू शकते. मात्र भात वाळलेले घ्यावे, सर्वांसमोर वजन करावे, आणि विक्री कुणाच्या घरी परस्पर न करता बोली लावून करावी.

दुसरी गोष्ट झाडांची. वर्गणी दरवर्षी मागावी लागते, झाड एकदाच लावावे लागते. शाळेच्या किंवा मंडळाच्या नावावर पडीक जागा असेल, तर ठराव करून काजूची कलमे लावावीत. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती आपल्याकडे चांगल्या येतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी दिसू लागते. पहिली दोन वर्षे उन्हाळी पाणी आणि गुरांपासून राखण एवढे सांभाळावे. एकेका कलमाची जबाबदारी एकेका घराने घ्यावी. जागा नक्की कोणाच्या नावावर आहे हे सातबारावर पाहिल्याशिवाय खड्डा खणू नये, नाहीतर फळ धरायच्या वेळी भांडण उभे राहते.

तिसरी गोष्ट खेळाच्या संघांची. कबड्डी, क्रिकेटचे सामने भरवताना बक्षिसाची रक्कम फुगवण्याची चढाओढ लागते. प्रवेश फी बक्षिसात जाते आणि संघाला चेंडूही उरत नाही. बक्षिसे आधीच गावातल्या दुकानदाराकडून, बागायतदाराकडून प्रायोजित करून घ्यावीत. प्रवेश फी मैदान आणि साहित्यासाठीच राखावी. सोडतीची तिकिटे विकण्याचा मोह टाळावा. लॉटरीला कायद्याचे बंधन आहे.

आता मुख्य मुद्दा. काही वर्षांपूर्वी एका गावात मी बियाण्याच्या बैठकीला गेलो होतो. बैठक संपल्यावर समाजमंदिरासाठी वर्गणीचा विषय निघाला. एक म्हातारे शेतकरी उठले, म्हणाले, "पयल्या वर्गणीचं काय झालं ते सांगा, मग पावती फाडा." सगळे गप्प. पैसे कुणी खाल्ले होते असेही नव्हे. खडी-सिमेंटला लागले होते, पण बिले पिशवीत राहिली आणि पिशवी हरवली. समाजमंदिर जोत्यापर्यंत येऊन थांबले ते थांबलेच. चोरी न होताही गावाचा विश्वास जातो, तो असा. आणि एकदा गेला की दुसऱ्या चांगल्या कामालाही कोणी हात खिशात घालीत नाही.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

छापील, क्रमांक घातलेले पावती पुस्तक वापरावे. कोणते पुस्तक कुणाकडे दिले त्याची नोंद ठेवावी. रद्द पावतीही फाडून टाकू नये.

बँक खात्यावर दोन सह्या असाव्यात. मोबाईलवरून पैसे घ्यायचे तर मंडळाच्याच खात्याचा क्यूआर लावावा, खजिनदाराचा स्वतःचा नको. शाळेचा पैसा शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात भरावा. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून देणगी मागणे शिक्षण हक्क कायद्याने मना आहे.

मंडळाची नोंदणी नसेल तर जाहीर वर्गणी काढण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी घ्यावी. देणगीदाराला आयकर सवलत हवी असेल, तर ती केवळ त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेलाच देता येते, आणि दोन हजारांवरची देणगी रोख न घेता चेकने किंवा बँकेतून घ्यावी लागते.

भात, नारळ, सिमेंटच्या गोणी, श्रमदानाचे दिवस यांचीही वही ठेवावी. ज्याने चार दिवस गवंड्याच्या हाताखाली काम केले त्याचे नाव रोख देणाऱ्यांच्या यादीतच यावे.

आणि हिशेब जाहीर वाचावा. १ मेची ग्रामसभा त्याला उत्तम. चाकरमानी सुट्टीत गावी आलेले असतात. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, एवढे तीन आकडे शाळेच्या भिंतीवर खडूने लिहिले तरी पुष्कळ.

पार्ल्यातल्या त्या रात्री वगनाट्य सुरू होण्यापूर्वी पडदा थोडा थांबला. खजिनदार रंगमंचावर आले. मागच्या वर्षीची जमा, मागच्या वर्षीचा खर्च, शिल्लक, सगळे त्यांनी दोन मिनिटांत वाचून दाखवले. मग म्हणाले, "चूक असेल तर आत्ताच सांगा." मागच्या रांगेतून एकाने एका बिलाबद्दल विचारले. त्याला उत्तर मिळाले. खेळ सुटल्यावर बाहेरच्या टेबलावर पावत्या घेणाऱ्यांची रांग लागली होती. विचारणारा गृहस्थ त्या रांगेत उभा होता.